जुने फॉन्ट

११ फेब्रुवारी, बुधवार

परत अडकला! निळी पट्टी अर्ध्याच्या जरा पुढं गेली आणि बसली. रस्त्यात म्हैस बसावी तशी. काकांनी गल्ल्यावरून विचारलं, "काय रे हरिओम, झालं का नवरीचं?" मी म्हणालो, "व्हायलंय!" खोटं. काहीच व्हायलं नव्हतं.

पण पडद्यावर कोण अडकली होती — ती! हातात मेंदीचा कोन, मान जराशी कललेली, खालचा ओठ दातात. गालावर उतरणारी बट मध्येच थांबलेली. लोकांचा कॉम्प्युटर अडकला की लोक कपाळावर हात मारतात. मी गालावर हात ठेवून बसलो. बाहेर पूर्णा स्टेशनात कुठल्यातरी गाडीची घोषणा चाललेली, उन्हाची एक पट्टी टेबलावरून कीबोर्डवर आलेली, आणि ती तशीच. कुणाचीच घाई नाही. लग्नाची नाही, गाडीची नाही.

मग प्रमोदिनीकाकू चहा घेऊन आल्या आणि सगळं मोडलं. "अहो, हा डबा बदला आता," काकांना म्हणाल्या. काकू तहसिलीत कारकून होत्या, रिटायर झाल्या, पण बोलणं अजून तिथलंच. "आमच्याकडे पंखा तीनदा दुरुस्त झाला की चौथ्यांदा दुरुस्तीचा कागद मी पुढे सरकवतच नव्हते."

"पाडव्याला बघू," काका म्हणाले. माधवरावकाकांचं सगळं पाडव्याला. हा स्टुडिओ पाडव्याला उघडला, पहिला कॅमेरा पाडव्याला, स्कूटर पाडव्याला.

"कशाला बदलायचा?" मी उसळून म्हणालो. "चांगला चालायलाय की!"

एवढं म्हणेपर्यंत डबा स्वतःहूनच बंद पडला. काकू हसल्या.

१२ फेब्रुवारी

तिचं नाव सृष्टी. लग्नात मेंदी काढते. तिच्या कोनाच्या डब्यावर छापलंय — "सृष्टी मेंदी", खाली नंबर. कॉम्प्युटर अडकला नसता तर नंबर कधी वाचता आला नसता. पाठ झालाय. लावला नाही.

गळा मोकळा. म्हणजे लग्न व्हायचंय. हात पण कोरे! लग्नालग्नात दुसऱ्याचे हात रंगवते आणि स्वतःच्या हातावर एक रेघ नाही. चांभाराच्या पायात फाटकी वहाण, तसं.

मी तिला खरी एकदाच बघितली. गंगाखेडच्या लग्नात. तेव्हा मी शूटिंगला जायचो. त्याच लग्नात ऐन अंतरपाटाच्या वेळी नवरदेवाचा मामा कॅमेऱ्यापुढं येऊन उभा राहिला. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ढकललं. मामा अक्षतांच्या परातीत बसला. तेव्हापासून काका म्हणतात, तू दुकानात बरा. आता शूटिंगला काकांचा पुतण्या अथर्व जातो आणि मी इथं बसून मिक्सिंग करतो, म्हणजे शूटिंग कापून-जोडून वर गाणी टाकतो. जग जातं मांडवात, माझ्याकडं येतं ते तुकड्यातुकड्यानं.

तिचे तुकडे मी वेगळे ठेवलेत. फोल्डरला नाव दिलंय "जुने फॉन्ट". कुणी उघडत नाही.

१४ फेब्रुवारी

गुलाबं विकायला एक जण दुकानापुढं उभा होता. त्याला हाकललं. उगंच.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सोनू आला होता, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. झाकण काढलं तर आत धुळीचा गालिचा आणि कोपऱ्यात पालीची दोन अंडी. "काका, ह्यानं तर संसार मांडलाय!" सोनू म्हणाला. मग कान लावून बसला, डॉक्टरसारखा. टक... टक... टक.

"ऐकू येतंय का? हार्डडिस्क हाय ही. रामराम करायलीय."

"कधी?" काकूंनी विचारलं.

"आज जाईल, सहा महिन्यांनी जाईल. ती काय सांगून जाती काय? सगळं दुसरीकडं उतरवून घ्या आधी. अन् मशीन बदला. नव्या कॅमेऱ्याचं शूटिंग ह्याला पचत न्हाई, म्हणून अडकतो. म्हाताऱ्याला मटण खाऊ घालायलाव तुमी."

काकू म्हणाल्या, "गेल्या महिन्यात तीन गिऱ्हाईकांना पेनड्राइव्ह उशिरा दिले. एक बाई पुढच्या लग्नाला दुसरीकडे गेली. डबा आपल्याला काय देतो आणि काय खातो, ते बघा."

काका डब्यावरच्या कुंकवाकडं बघत राहिले. दसऱ्याला लावलेलं, अजून आहे. "पाडवा महिन्यावर आलाय. एवढं चाललं तर चालू द्या."

मी सोनूवर घसरलो. "तुला नवा विकायचाय, म्हणून मरायला टेकलाय म्हणायलास! दे इकडं झाकण!" सोनूनं झाकण लावलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हऱ्या, तुझी काय सासुरवाडी हाय का रं ह्यात?"

माझे कान तापले. त्याला काय माहीत! नवा आला की सगळं सुसाट. मग कुठं अडकणार ती? आणि उतरवून घ्यायचं म्हणजे सगळी फोल्डरं उघडणार. काका चष्मा लावून एकेक बघणार.

१७ फेब्रुवारी

सगळ्यात लांब तुकडा पेडगावचा. डिसेंबरातलं लग्न. ती मांडवाच्या कडेला बसून हातावर नक्षी काढायलीय. मध्येच वर बघते, काहीतरी बोलते. मग बराच वेळ बोलतच नाही, नुसता कोन चालतो. शेवटी कुणीतरी तिचं मनगट धरतं, आणि तेवढ्यात अथर्व्यानं कॅमेरा फिरवला — खांब, लायटिंग, संपलं. अथर्व्याला लाख शिव्या!

त्यानंतरच्या तुकड्यात तिच्या डाव्या तळहाताच्या मधोमध एक डाग दिसतो. मेंदी सांडली असंल. तेवढाच काय तो तिच्यात दोष, आणि तोच मला जास्त आवडतो.

आवाज नाही. म्हणजे आहे, पण हळद-मेंदीचा मूळ आवाज आमी ठेवत नसतो. बायकांचा कालवा, भांडी, रडणारी पोरं — सगळं बंद करून वर गाणं टाकायचं. आणि आवाज चालू ठेवला की डबा पण गुदमरतो. म्हणून माझ्याकडं ती मुकीच. बरंय. मी तिला बोलायला लावतो. वर बघते तिथं ती म्हणते, "तो चिडका पोरगा आला नाही का शूटिंगला?" आणि मग बोलत नाही तिथं माझी वाट बघते.

हसू येतं मलाच. पण म्हणते!

१९ फेब्रुवारी

जागा संपली. डबा म्हणतो, पोट भरलंय, नवीन काही घेणार नाही. काका म्हणाले, "ज्यांचं देऊन झालंय त्यांचं मूळ शूटिंग काढून टाक. पाडव्यापर्यंत निभावून ने."

दुपारभर काढत बसलो. लग्नामागून लग्न. वराती, आहेर, पंगती, रुसवे — एक बटण. पेडगाव, राणीसावरगाव, सगळं गेलं. "जुने फॉन्ट" तेवढं ठेवलं. ते काढलं असतं तर अजून दोन लग्नं मावली असती. काढणार नाही!

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दुकानातच डोळा लागला. स्वप्नात पूर्णा स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर आमची मेंढरं उभी. ओळीनं. सगळ्यांच्या खुरांवर मेंदी! बा त्यांना गाडीत चढवायला हाका मारायलेला, आणि गाडी काही केल्या हलत नाही, निळ्या पट्टीसारखी. सृष्टी खिडकीत बसून काहीतरी बोलायलीय आणि काच लावलेली.

उठलो तर खरंच बाचा फोन. "हरी, कवा येणार घरी? तीन मेंढरं पोटुशी हायत. तुला काय, पोरीबाळी बघत बसायचं काम!" बाला मिक्सिंग म्हणजे तेवढंच कळलंय. बा डोळे मिटून ओरडण्यावरून सांगतो कोणतं मेंढरू कोणतं. मला म्हणतो, तू नुसता बघ्या.

मी फोन आपटला. मग परत लावला आणि येतो म्हणालो. जाणार नाही. कॉलेज सोडल्यावर गेलो होतो, तेव्हा गावातले विचारायचे, का सोडलं. काय सांगू? वर्गात सर नाक धरून म्हणाले, "मेंढरांचा वास येतोय का रे कुणाला?" पोरं हसली. मी जर्नल फाडून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि निघालो. एवढंच. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला संपली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज लय वाईट झालं.

पेडगावचे लिंबाजी आले. डिसेंबरात त्यांच्या पोरीचं लग्न आमीच काढलं. डोकं भादरलेलं, त्याच्यावर खुंटं उगवायलेली. मला आधी वळखलेच नाहीत. बाकड्यावर टेकले. पाणी दिलं ते हातातच धरून बसले.

"आई गेली माझी," म्हणाले. "धुरपताबाई. तेरावं झालं. भिंतीवर लावाया फोटू बघायलो तर एक न्हाई. आधार कार्डावरचा हाय, त्यात चोरावानी दिसती. तुमी दिलेली पेनड्राइव्ह दोनदा बघितली समद्यांनी. कुठंच न्हाई ती. आहेराला न्हाई, अक्षता टाकाया न्हाई. इधवा बाई, म्हणून मागं मागंच राहिली. पण तुमच्या कॅमेऱ्यात कुठंतरी आली असंल ना? ते जे कच्चं असतं, त्यात?"

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "दोन-दोन महिने कोण ठेवतं? तेव्हाच सांगायचं ना!"

असं ओरडलो त्यांच्यावर. आई गेलेल्या माणसावर. ते म्हणाले, "तवा ती जिती होती की बाळा."

काकांनी त्यांना स्टेशनपर्यंत सोडलं. परत आल्यावर विचारलं, "पेडगावचं काढलंस?" "तुमीच म्हणालात!" "मी म्हणालो."

काकू आतून एवढंच म्हणाल्या, "जागा नाही म्हणून काढलं. जागा कधीची नाही?"

२५ फेब्रुवारी

सकाळपासून हात चालेना. मन रमवायला पेडगावचा तुकडा लावला — तिला बघायला. आणि आज पहिल्यांदा खाली बघितलं.

ती ज्या हातावर काढायलीय तो हात नवरीचा नाही!

मी हा तुकडा किती वेळा बघितला असंल. पण तिच्या तोंडापासून खाली नजर कधी उतरलीच नाही. तो म्हातारा हात आहे. शिरा वर आलेल्या, बांगडी नाही, करंगळी वाकडी. कॅमेरा थोडा मागं येतो तेव्हा तोंड दिसतं — पदर कपाळापर्यंत, कुंकू नाही, पुढचे दोन दात नाहीत, आणि हसायलीय. लहान पोरीनं काहीतरी लपवून खाऊन हसावं, तशी.

लिंबाजीचं नाक आहे तिला. हुबेहूब.

ओरडून काकांना हाक मारली. ते येईपर्यंत टक... टक... आणि पडदा काळा. परत चालू केला. काळा. परत. काळा! कॉम्प्युटरला लाथ घालणार होतो. पहिल्यांदाच घातली नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सोनूच्या दुकानात. काका, काकू, मी. सोनूनं डिस्क काढून त्याच्या मशीनला लावली. "जिती हाय अजून, पण किती वेळ ते सांगत न्हाई. आधी काय काढू? एकच नाव सांगा."

काका म्हणाले, "चालू सीझनची लग्नं."

मी म्हणालो, "जुने फॉन्ट."

"फॉन्ट?" काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "लग्नं मरायलीत आणि तुला फॉन्ट कशाला?"

काय करणार! सांगितलं. सगळ्यांपुढं. सोनूनं फोल्डर उघडलं आणि चौकोनाचौकोनात ती. मान खाली, मान वर, पाठमोरी, हसताना, कोन झटकताना. पडदाभर. सोनूनं शीळ घालायला तोंड केलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं.

काका भिंतीवरचं कॅलेंडर वाचायले.

काकूंनी शांतपणे विचारलं, "हिला माहीत आहे?"

"नाही."

"मग हे चोरीचं झालं की रे, हरिओम."

मला भडकायचं होतं. भडकता येईना. कुणी मला चोर म्हणालं असतं तर दात पाडले असते. पण काकू तसं म्हणाल्याच नाहीत, म्हणाल्या चोरीचं झालं.

पेडगावचा तुकडा आधी लावला. मध्ये थांबला. सोनूनं डिस्क हातात धरून थोडी तिरकी केली, पाळण्यातल्या लेकराला करावी तशी. काकू काहीतरी पुटपुटायल्या. मग हळूच पुढं सरकला, आणि आला! अख्खा. दुसरा अर्धाच आला. मग टकटक थांबली आणि नुसती घरघर. चालू सीझनचं काहीच आलं नाही. ते अथर्वच्या कॅमेऱ्याच्या कार्डांत असंल तेवढं खरं.

काकू परतताना काकांना म्हणाल्या, "मशीन मरायची वाट बघून मुहूर्त काढतात का? परवा परभणीला जाऊन आणते मी."

काका "पाडवा" एवढंच बोलायले होते. काकूंनी बघितलं. पुढचा शब्द आलाच नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

नवा आणला. काकू आणि मी पॅसेंजरनं. येताना खोका माझ्या मांडीवर, नव्या नवरीसारखा. गाडीचा डबा रिकामा होता, खिडकीतून कापलेल्या हरभऱ्याचा वास. मधल्या मिरखेल स्टेशनात गाडी बराच वेळ उभी राहिली. काकू शेंगा सोलत म्हणाल्या,

"किती बोललास रे तिच्याशी आजवर?"

"एकदाच."

"काय?"

सांगणार नव्हतो. पण मिरखेलला माणूस काहीपण सांगतो. "ती उजेडात बसली होती. मी म्हणालो, ताई, जरा सरका."

"ताई!"

"हां. अन् ती म्हणाली, थांबा दादा, पाकळी होऊ द्या."

काकू एवढ्या हसल्या की शेंगा खाली सांडल्या. पलीकडच्या बाकावरचा माणूस पण उगंच हसायला लागला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "फोन कर तिला. ती त्यात आहे, तर लिंबाजींना द्यायचं का ते तिला विचार. बाकीचं जे आहे तेही सांग. शिव्या दिल्या तर खा."

"खाईन."

"आणि उलटून बोलू नकोस!"

गाडी हलली. ऊन खोक्यावर, खोक्याच्या आत सगळं रिकामं. कुणाचंच लग्न नाही त्यात अजून. लय चांगलं वाटलं, का ते माहीत नाही.

१ मार्च

काका रुसलेत. नव्याला नारळ फोडला नाही. जुना भंगारात देऊ देत नाहीत — "पाडव्यापर्यंत राहू दे." कुंकवासकट कोपऱ्यात आहे.

नवा काय पळतो! चहा यायच्या आत अख्खं लग्न तयार. अडकतच नाही कुठं. बट गालावर येते आणि निघून जाते.

अर्धा आलेला तुकडा काढून टाकला. पेडगावचा तेवढा ठेवला. "जुने फॉन्ट" मधून काढून त्याला "धुरपताबाई" नाव दिलं.

८ मार्च

फोन केला नाही. रोज नंबर दाबतो, शेवटचा आकडा राहतो. काकू विचारायल्यात. काका पण विचारायलेत आता! सगळ्या पूर्ण्याला कळायच्या आधी केला पाहिजे.

११ मार्च, बुधवार

काकांनी आज तो तुकडा बघितला. मग म्हणाले, "विधवा बाईच्या हातावर मेंदी. गावातली माणसं आहेत. पोराला दाखवायचं का हे? तोंडाचा फोटो काढून दे, हात गाळ."

काकू भांडी घासायच्या थांबल्या. "हात कापता काय तिचे?"



म्हणून लिंबाजींना बोलवलं आणि आधी एकच चित्र दाखवलं. थांबवलेलं. आईचं तोंड आणि दोन्ही हात. मी त्यांच्याकडं बघतच नव्हतो, भीती वाटायली. काही बोलले तर मी उलटून बोलणार, हे मला माहीत.

ते म्हणाले, "ही मेंदी हाय?"

"हो."

मग म्हणाले, "लग्नात दिवसभर पदरात हात घेऊन बसली होती. जेवाया वाढलं तर म्हणली, मागून जेवती. मला वाटलं थंडी वाजायलीय तिला. दोनदा घोंगडं टाकलं अंगावर." आणि मग ते हसायले की रडायले, कळेना. पडद्यावर बोट ठेवून त्या वाकड्या करंगळीवरून फिरवायले. "विळा लागला होता. मी पोटात असताना."

काका उठून बाहेर गेले. परत आले ते नारळ घेऊन. नव्या कॉम्प्युटरपुढं फोडला. पाडव्याच्या आधी!

लिंबाजी म्हणाले, "पाडव्याला येतो घ्यायला. पण एक करा. गाणं टाकू नका तिच्यावर. हाय तसंच द्या. बोलायलीय ना ती? मला ऐकायचंय."

१८ मार्च

उद्या पाडवा. उद्या फोन करणार. साडेतीन मुहूर्तांतला एक, काकांचं ऐकतो बाबा!

काय बोलायचं ते ठरलंय. आधी सॉरी. मग लिंबाजींचं. मग ती शिव्या देईल, मी खाईन. मग हळूच विचारणार — "सगळ्यांचे हात रंगवता, तुमच्या हातावर मेंदी कधी?" आरशापुढं तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा आवाज चांगला आला. ती हसंल. मग ठीक. हसली नाही तर काहीतरी म्हणंल, आणि मला निदान तिचा आवाज कळंल.

गुढीला काठी आणून ठेवली. कडुलिंब पण.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. लिंबाजी यायच्या आत पेनड्राइव्ह करायला बसलो. कानाला हेडफोन लावला. पहिल्यांदा.

धुरपताबाई म्हणते, "नको गं माय. मला कशाला. लोक काय म्हणतील."

सृष्टी म्हणते, "द्या हात, आजी. थंडी आहे, पदरात राहतील. कुणी बघत नाही."

मग कोन चालतो. भांडी वाजतात.

"तुझ्या हातावर काहून न्हाई गं?"

इथंच ती वर बघते.

"मी पण तुमच्यासारखीच, आजी. दोन वर्षं झाली."

मग ती गप्प बसते तो लांब तुकडा. मी जिथं माझी वाट बघायला लावायचो, तो. मग म्हातारीचा आवाज, "आण तो कोन इकडं." तिचं मनगट धरते. खांब, लायटिंग. आवाज मात्र चालूच राहतो — "हलू नको. मला नक्षी येत न्हाई, एक ठिपका देती."

तिच्या तळहातावरची ती मेंदी सांडलेली नव्हती.

फोन लावला. शेवटच्या आकड्यासकट. कोण, कुठला, काय केलं, सगळं सांगितलं. शिव्या दिल्या नाहीत. लिंबाजींना देऊ का, विचारलं.

"आवाजासकट?"

"त्यांना आवाजच पाहिजे."

"तुम्ही ऐकलात?"

"आज."

आरशापुढं म्हणून बघितलेल्या त्या वाक्याचं काही झालं नाही. ते तोंडात आलंच नाही. तिच्याकडं पण कुठंतरी गाडीची घोषणा चाललेली. ती संपेपर्यंत दोघंही थांबलो.

मग म्हणाली, "द्या."